दोरी हातभर जास्त घ्यावी

आमच्या गावच्या घराला दोन दारं होती आणि सणाला दोन्हींना तोरण लागायचं. पुढच्या दाराचं आजी स्वतः बांधायची. मागच्या, विहिरीकडच्या दाराचं शिकाऊ हाताला मिळायचं. माझ्या अकराव्या वर्षी ते माझ्याकडे आलं आणि पुढची चार वर्षं माझ्याचकडे राहिलं. मागच्या दाराने घरची माणसं आणि गडीमाणसं जायची-यायची, पाव्हणे नाही. तरी आजी तिथंही येऊन उभी राहायची आणि एकेक पान बोटाने सारखं करायची.

गाव चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठचं. १९८९ साली लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. आधी चाळीतली खोली, मग तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पाडवा, गणपती, दसरा आणि लक्ष्मीपूजन असं वर्षातून चारदा तरी तोरण बांधते. वास्तुशांती, बारशी, मुंजी वेगळ्या. आता इमारतीतल्या मुली येऊन विचारतात, काकू, आमचं तोरण दुपारीच का मान टाकतं? त्यांना सांगताना जे जे आठवत गेलं ते लिहून ठेवते आहे.

१. दोरी दारापेक्षा हातभर जास्त घ्यावी.

तीन फुटांच्या दाराला तीन फुटांची दोरी पुरेल असं वाटतं. पुरत नाही. दोन्हीकडे खिळ्याला वेढे देऊन गाठ मारण्यातच वीतभर दोरी जाते, आणि मधे झोळ हवाच. दोरी जितकी ताठ, तितका खिळ्यावरचा ओढा जास्त. त्यात ताजी फुलं आणि पानं अंगातल्या पाण्याने जड असतात. चाळीत माझा पहिला दसरा होता. दोरी आखूड पडली होती, मी ती ताणून बांधली. सासूबाई दाराची पूजा करायला तबक घेऊन आल्या आणि त्याच क्षणी एका बाजूचा खिळा गिलाव्यासकट निघाला. तोरण तबकात पडलं, निरांजन विझलं. नव्या घरात, सणाच्या दिवशी! मला रडू आवरेना. सासूबाईंनी निरांजन पुन्हा लावलं आणि म्हणाल्या, "दोरी आखूड झाली गं, बाकी काही नाही. अपशकुन वगैरे मनात आणू नकोस. घे, परत बांधू." दोघी उंबरठ्यापाशी बसलो आणि ते तोरण आम्ही मिळून पुन्हा ओवलं. त्या दिवशी त्या सासरच्या वाटल्या नाहीत.

दोरी सुतळीची घ्यावी. गावी आम्ही केळीचं वाळलेलं सोपट भिजवून त्याची दोरी करायचो. ती फुलाला कापत नाही आणि तोरण उतरवल्यावर सगळं एकत्र मातीत जातं. नायलॉनची गाठ सरकते. फ्लॅटला बाहेरून जाळीचं दार असेल, तर ते उघडताना तोरणाला घासतं का हे आधी बघावं. घासत असेल तर चौकटीवर न बांधता वरच्या भिंतीला दोन हुक ठोकून घ्यावेत.

२. आंब्याचं पान जून घ्यावं, आणि झाडाचा शेंडा मोडू नये.

तांबूस, कोवळी पालवी फार सुंदर दिसते. हात तिकडेच जातो. पण ती दोन तासांत चिंधीसारखी लोंबायला लागते. गडद हिरवं, जरा जाड झालेलं पान घ्यावं. बोटाभोवती अर्धं गुंडाळून बघायचं. लगेच मऊ पडलं तर कोवळं, कडकन तडकलं तर फार जून. वाकतं आणि सोडल्यावर सरळ होतं ते आपलं. असं पान वाळतानाही आकार सोडत नाही. हिरव्याचं पिवळट, मग भुरकट होतं, पण गळत नाही.

पान देठासकट काढायचं. देठातून चीक येतो आणि तो कातडीला भाजतो. माझ्या चुलतबहिणीच्या गालावर लहानपणी चीक लागला होता, पंधरा दिवस काळा डाग होता. म्हणून पानं आधी देठं खाली करून बादलीभर पाण्यात अर्धा तास उभी ठेवायची. मग प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी कोरड्या फडक्याने पुसायचं. इथे कंटाळा करणाऱ्यांची तोरणं काळी पडतात. ओलं पान झेंडूला चिकटून राहिलं की फूल तिथूनच कुजायला लागतं.

पुसलेलं पान टोक खाली करून धरायचं, देठाकडचा दोन बोटं भाग दोरीवरून मागे दुमडायचा आणि हिराने टाचायचा. हीर म्हणजे नव्या खराट्यातली काडी. तिचे दोन-दोन इंचांचे तुकडे तिरपे कापून घ्यायचे, म्हणजे टोक आपोआप धारदार होतं. हीर पानातून आत घालायचा, बाहेर काढायचा, परत आत घालायचा. पत्रावळ टाचतात तसंच. इमारतीतल्या मुली स्टेपलर वापरतात. त्यांना मी अडवत नाही, पण पिनेभोवतीचं पान दुसऱ्या दिवशीच तपकिरी होतं, हे त्यांना दाखवते.

आणि झाडाबद्दल. आजी डहाळी ओढून मोडू द्यायची नाही. आंब्याचा मोहोर फांदीच्या शेंड्याला येतो. दसऱ्याला शेंडे ओरबाडले तर पौष-माघात त्या फांद्यांना मोहोर कुठून येणार? म्हणून ती झाडाच्या आतल्या, सावलीतल्या, खालच्या डहाळ्यांवरची पानं कात्रीने एकेक कापून घ्यायची. आमच्या सोसायटीच्या आवारात एकच आंबा आहे. सणाच्या आदल्या दिवशी लोक त्याच्यावर तुटून पडतात, तेव्हा माझा जीव कासावीस होतो. गेली काही वर्षं मी आदल्या दिवशी सकाळीच दोन बादल्या पानं नीट कापून जिन्याखाली ठेवते. ज्याला हवी त्याने न्यावी.

३. झेंडू कोरडा घ्यावा.

दसऱ्याच्या आदल्या पहाटे मी दादरला फूलबाजारात जाते. अजून उजाडलेलं नसतं, पुलाखालचा रस्ता केशरी झालेला असतो आणि हमाल डोक्यावर पाट्या घेऊन वाट मागत जात असतात. भाव विचारायच्या आधी फुलाच्या ढिगात हात मनगटापर्यंत आत घालावा. आत गरम आणि ओलं लागलं तर पुढच्या दुकानी जावं. पावसात भिजलेला झेंडू वजनाला जास्त भरतो आणि घरी येईपर्यंत पाकळ्या बुडाशी काळ्या पडतात. फूल उलटं करून देठाजवळचा हिरवा पेला दाबून बघावा, तो टणक हवा. घरी आणल्यावर पिशवीत ठेवू नये, रात्रभर वर्तमानपत्रावर पसरून पंखा लावावा. ओवताना दाभण त्या हिरव्या पेल्यातून घालावं. नुसत्या पाकळ्यांतून घातलं तर फूल रात्रीत सुटून खाली येतं.

एका पानाला एक फूल असं माझं प्रमाण आहे. फुलं दाटून भरलेलं तोरण श्रीमंत दिसतं खरं, पण पान दिसत नाही, आणि मला पान दिसायला हवं असतं.

४. बाजारात काय आलंय यावर तोरण ठरवू नये.

हे मला २०२०च्या पाडव्याने शिकवलं. २४ मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली, बारा वाजल्यापासून लागू झाली आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. ना झेंडू, ना साखरेच्या गाठी. सकाळी खिडकीतून खाली बघितलं. आंबा होता. कोपऱ्यातला कडुनिंब नव्या पानांवर होता. आणि कुंपणावर बोगनवेल पेटल्यासारखी फुललेली होती. तीस वर्षांत मला बोगनवेल तोरणात घालावी असं कधी वाटलं नव्हतं, कारण ती विकत मिळत नाही. आमच्या वॉचमनदादांनी तिन्हींच्या डहाळ्या कापून बादली पहिल्या मजल्याच्या पायरीवर ठेवली आणि लांब जाऊन उभे राहिले. मी जाऊन उचलली.

बोगनवेलीचं जे रंगीत असतं ते पाकळ्या नसतात, ती पानंच असतात, कागदासारखी कोरडी. खरं फूल मधे, पांढरं, इवलंसं. म्हणून ती कोमेजत नाही, नुसती वाळते, आणि रंग फिका पडत पडत बरेच दिवस राहतो. मी चार छोटी तोरणं केली, मजल्यावरच्या चार दारांना. शेजाऱ्यांच्या कडीला अडकवायचं, बेल वाजवायची आणि माझ्या दारात येऊन थांबायचं. समोरच्या आजोबांनी दार उघडलं, तोरणाकडे बघितलं आणि तिथूनच हात जोडले. त्या वर्षी दारातून कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. तोरण मात्र मे महिन्यापर्यंत होतं, गुलाबीचं पांढरट झालेलं.

तेव्हापासून मी आधी आवारात चक्कर मारते आणि मग बाजाराची यादी करते.

५. नवं चुकवू नये.

आमच्याकडे दसऱ्याचं तोरण नव्याशिवाय पुरं होत नाही. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. नवं म्हणजे त्या पावसाळ्यात शेतात जे पिकलं त्याची जुडी. कोकणात कुठे ते दसऱ्याला बांधतात, कुठे आश्विन पौर्णिमेला, म्हणून त्या पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. आंब्याचं मोठं पान हातावर घ्यायचं. त्यावर हळव्या भाताची लोंबी, कारण गरवं भात तेव्हा अजून हिरवं असतं. तिच्याशेजारी नाचणीचं कणीस, बोटं मिटलेल्या मुठीसारखं. मग वरीचं कणीस, कुर्डूचा गुलाबी-पांढरा तुरा आणि एक गोंडा. झेंडूला आम्ही गोंडा म्हणतो. पान गुंडाळून सोपटाने आवळायचं. पंजाएवढी जुडी होते. ती तोरणाच्या बरोबर मधे बांधायची. तशाच जुड्या देवाला, तुळशीला, कणगीला, जात्याला, नांगराला. आता गावी माझा दादा पाण्याच्या पंपाला आणि मोटारसायकललाही बांधतो. वाळलेलं नवं पुढच्या दसऱ्यापर्यंत दारावरच असतं.

कुर्डू कुणी पेरत नाही. ते शेतातलं तण. कोवळं असताना त्याची भाजी होते, पुढे तुरा येतो. मला या जुडीतलं सगळ्यात आवडतं ते हेच. भाताच्या बरोबरीने, त्याच पानात, तणालाही जागा आहे.

लग्नानंतर दरवर्षी दादा नव्याचं सामान जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून एसटीने पाठवतो. मी स्टँडवर जाऊन घेते. गाठ सोडली की आधी वास येतो, शेतातल्या चिखलाचा आणि दाण्यात भरलेल्या दुधाचा.

२०२१ साली २२ जुलैला वाशिष्ठीला पूर आला. चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. आमची नदीकाठची खाचरं लावणी होऊन नुकती कुठे तरारली होती. पाणी उतरलं तेव्हा त्यांच्यावर गाळाचा थर होता आणि भात दिसतच नव्हतं. दादाने महिनाभर फोनवर शेतीचं नाव काढलं नाही. दसऱ्याला मी मुद्दामच काही विचारलं नाही. वाटलं, या वर्षी राहू दे. पण आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला, "सामान पाठवलंय, स्टँडवर जा." फडक्यात भाताची एकही लोंबी नव्हती. नाचणी होती, वरी होती, दोन्ही नेहमीच्या दुप्पट. ही दोन्ही डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत होतात, तिथवर नदी पोचत नाही. कुर्डूही होता. त्या वर्षीचं नवं काळसर, राखाडी, जाड झालं. भाताचा पिवळेपणा त्यात नव्हता. पूजा झाल्यावर मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "वरच्या रानानं राखलं गो."

ते नवं मी अजून ठेवलं आहे. बाकीची उतरवते, ते उतरवलेलं नाही.

६. तोरण का बांधायचं याची कारणं फार शोधू नयेत.

दर सणाला मोबाईलवर संदेश येतात. आंब्याच्या पानातून अमुक वायू निघतो, झेंडूने तमुक किडे मरतात. तोडलेली डझनभर पानं दारावर टांगून घरातली हवा बदलेल, असं मला वाटत नाही, आणि तशी बदलावी म्हणून मी ती बांधतही नाही. येणाऱ्याला दारातच कळावं की आज या घरी सण आहे आणि तुम्ही आलात हे आम्हाला हवं होतं, माझ्यापुरतं एवढं पुष्कळ आहे.

७. प्लास्टिकचं तोरण बारा महिने ठेवू नये.

ज्यांच्या हातांना आता सुई धरवत नाही त्यांनी विकतचं जरूर लावावं. पण सणानंतर पुसून कपाटात ठेवावं. तेच ते तोरण पाडव्यालाही आणि गौरीलाही दारावर असलं, की चैत्र आणि भाद्रपद यांतला फरक दाराला कळत नाही.

८. दुसऱ्यांची रीत हाताने करून बघावी.

मुलगी नोकरीसाठी हॅम्बुर्गला असते. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता. तिने फोन केला, "आई, झेंडू गॅलरीतल्या कुंडीत आहे, पण आंब्याचं पान कुठून आणू?" मी म्हटलं, खाली जाऊन कुंपणं बघ. तासाभराने तिने फोटो पाठवला. तिथे घरांच्या कुंपणाला चेरी लॉरेल नावाचं झुडूप सर्रास लावतात. जाड, चकचकीत, बारमाही हिरवं. पान हुबेहूब आंब्याचं वाटावं असं, फक्त थोडं आखूड. शेजारणीला विचारून तिने एकवीस पानं आणली. शेजारीणबाईंनी बजावलं की पान विषारी असतं, तोंडात घालायचं नाही, हात धुवायचे. तिथे खराटा नाही, हीर नाही. तिने दात कोरायच्या काड्या वापरल्या. माझ्या लेकीच्या दारावर परक्या झाडाची पानं होती आणि ती आजीच्या पद्धतीने मागे दुमडलेली होती. मी तो फोटो कितीदा बघितला असेल!

त्याच शेजारीणबाईंनी डिसेंबरात तिला दारावरचं कडं करायला बोलावलं. तिकडे नाताळच्या आधीचे चार आठवडे पाळतात, आणि त्या दिवसांत मेणबत्त्यांचं कडं लावायची रीत तर हॅम्बुर्गमधूनच पसरली. योहान विखर्न नावाच्या धर्मगुरूंनी १८३९ साली त्यांच्या आश्रमातल्या गरीब मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. ते टेबलावर ठेवायचं किंवा छताला टांगायचं. दारावरचं त्याचं भावंड. त्यात मेणबत्त्या नसतात, फर वृक्षाच्या डहाळ्या असतात.

लेकीने मला व्हिडिओवर सगळं दाखवलं. पेंढ्याचं, मनगटाएवढ्या जाडीचं कडं. फरच्या वीतभर डहाळ्या, तीन-तीनची जुडी. जुडी कड्यावर तिरकी ठेवायची, बारीक तारेचे तीन वेढे आवळून द्यायचे. तार तोडायची नाही. पुढची जुडी अशी ठेवायची की तिच्या पानांखाली आधीच्या जुडीचे देठ झाकले जातील. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. शेवटच्या जुडीचे देठ पहिल्या जुडीच्या पानांखाली सरकवायचे, मग सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते कळत नाही. मी बघता बघता म्हणाले, अगं, ही तर वेणी! अबोलीची वेणी आम्ही अशीच बांधायचो. देठांवर पुढची फुलं, त्यांच्या देठांवर त्यापुढची, आणि दोरा अखंड.

पुढच्या दिवाळीत दादाकडून भाताचा पेंढा मागवला, पिळून कडं केलं आणि त्यावर आंब्याची पानं त्याच रीतीने बसवली, तीन-तीनची जुडी, सुतळीने आवळून. आंब्याचं पान फरपेक्षा रुंद असल्यामुळे जुड्यांतलं अंतर जास्त ठेवावं लागतं, हे पहिलं कडं पूर्ण उसवल्यावर कळलं. चौकटीला तोरण आणि जिन्याकडच्या भिंतीवर गोल कडं, अशी ती दिवाळी झाली. या कड्याला एक गुण आहे. त्याला झोळ लागत नाही, खिळा एकच पुरतो, म्हणून भाड्याच्या घरातल्या मुलींना मी आता हेच शिकवते.

९. चिमण्या आल्या तर हाकलू नयेत.

नव्यातली भाताची लोंबी वाळली की त्या येतातच. जिन्याच्या जाळीतून येतात, जुडीला उलट्या लटकतात आणि दाणे सोलून टरफलं उंबरठ्यावर टाकतात. झाडू मारताना मला ती टरफलं दिसली की बरं वाटतं.

१०. उतरवलेलं तोरण सगळंच निर्माल्यात टाकू नये.

पानं आणि सुतळी कुंडीत मातीखाली जातात. वाळलेले झेंडू मी आधी निवडते. पाकळी ओढली की तिच्या बुडाशी काळी, सुईसारखी बी येते, वर पांढरट कुसं असलेली. सगळ्या फुलांत सापडत नाही. बाजारातल्या दाट, मोठ्या झेंडूत बी कमी असते आणि तिच्यापासून येणारं फूल तितकं दाट निघेल याचा भरवसा नाही. गावच्या गोंड्याची बी मात्र भरपूर आणि खात्रीची. कागदी पाकिटात घालून वर साल लिहून ठेवते. आषाढात पेरली तर दसऱ्याला फुलं हातात येतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते पसरतं आणि एका दांड्याच्या जागी चार-पाच दांडे येतात.

या वर्षी गॅलरीत सहा कुंड्या आहेत. दोन गावच्या गोंड्याच्या, एक लेकीने हॅम्बुर्गहून आणलेल्या बीची, तीन दादरच्या. काल सगळ्यांचे शेंडे खुडले. बोटांना अजून वास आहे. दसऱ्याला सात आठवडे आहेत.